उलटा पळणारा कोल्हा

आमच्या थोरलीला गुपित सांगावं आणि खुशाल विसरून जावं. विहिरीत दगड टाकला तर निदान डुबुक तरी होतं, हिच्यात तेवढंही होत नाही. माझं तसं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही सूतगिरणीत कामाला. मी तिला समोर ताई म्हणते, अहो-जाहो करते आणि माघारी थोरली म्हणते. हे तिला माहीत आहे. इमारतीच्या तळमजल्यावर आमचं दोघींचं दुकान. भरतकामाचं मशीन तिचं. काज-बटणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही खाती माझी. भांडण तिला जमतच नाही. कुणी म्हणालं, टाके सैल पडलेत, की ही म्हणणार, "असतील हो," आणि उसवायला घेणार. मग मला इस्त्री बाजूला ठेवून पुढे व्हावं लागतं.

तिच्या हाताला वळण फार सुरेख. पण घाई झाली की सगळं उलटं. कुलपात किल्ली उलटी फिरवते, चपला उलट्या पायांत सरकवते, चहाच्या कपाचा कान नेमका नको त्या बाजूला करून पुढे ठेवते. मी चिडवायचे, ती गालातल्या गालात हसायची आणि कप फिरवून ठेवायची. इतकी वर्षं एका घरात काढली, पण हे असं का होतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

दुकानाला दोन दारं. पुढचं काचेचं, रस्त्यावर उघडणारं. मागचं बोळात, कचऱ्याच्या डब्यांपाशी. मागच्या दारानं एक मांजर यायची आणि त्या वर्षी शाळेतल्या चार पोरी यायला लागल्या.

झालं असं, की शाळेत कोल्ह्याचं वेड आलं. एका बड्या कंपनीचं निळं जॅकेट, छातीवर सुसाट पळणारा केशरी कोल्हा. बोटाएवढाच, पण काय त्याचा तोरा! मुलींच्या बास्केटबॉलच्या टीममध्ये तर कोल्हा नसेल तर कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं. पहिल्यांदा आली ती त्या टीमची कॅप्टन. उंच, सरळ नाकाची, रस्त्यानं जाताना मान न वळवणारी. आमच्या मागच्या दारात मात्र उंबऱ्याला बूट घासत उभी राहिली. पिशवीतून साधं निळं जॅकेट काढलं आणि म्हणाली, कोल्हा हवाय, पण कुणाला सांगायचं नाही. थोरलीनं जॅकेट हातात घेतलं, कापड चाचपलं.

"माझ्या तोंडून शब्द निघणार नाही," ती म्हणाली.

मग दुसरी आली. मग डॉक्टरांची मुलगी आली. तिच्या घरी काय कमी होतं? पण वडिलांनी साफ सांगितलं होतं, कोल्ह्यासाठी एक दमडी देणार नाही. मग चौथी, खळीवाली. प्रत्येकीला वाटायचं, बाकीच्यांचे कोल्हे अस्सल आणि माझा एकटीचाच नकली. प्रत्येकीची तीच विनवणी, थोरलीचं तेच उत्तर. मी इस्त्रीच्या टेबलामागे तोंडात पदर कोंबून हसत होते. थोरली हसली नाही. उलट मलाच दम भरला, की यातलं अक्षर बाहेर गेलं तर याद राख. या पोरींना दिवसभर केवढी धाकधूक असेल, म्हणाली. त्या एकमेकींसमोर येऊ नयेत म्हणून ती प्रत्येकीला वेगळा वार द्यायची. माझ्या मते एवढे लाड करायची काही गरज नव्हती.

पाचवी आली ती पुढच्या दारानं. ती आमची रेडिओ.

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात, त्यांची ही मुलगी. आईच्या ड्यूट्या वेड्यावाकड्या, म्हणून शाळा सुटली की पोर आमच्याकडे. चिंध्यांच्या ढिगावर बसायची आणि सुरू व्हायची. वर्गात काय झालं, बाईंनी काय घातलं होतं, मुंग्या झोपतात का. बटण फिरवून बंद करता येत नाही म्हणून मीच तिचं नाव रेडिओ ठेवलं. ती टीममध्ये निवडली गेली तेव्हा आम्हा दोघींना कोण आनंद. पण त्यानंतर ती जरा कमी बोलायला लागली. कॅप्टन जसं बोलते तसं, एकेक शब्द तोडून. "ठीक." "बघू." "काय माहीत." मला असा राग यायचा. मी थोरलीला म्हणायचे, हिची बॅटरी उतरली.

एक दिवस तिनंही निळं जॅकेट आणून ठेवलं. आईला सांगितलं होतं, काकू नक्षी काढून देणार आहेत. आमच्यापुढे मात्र खरं बोलली. म्हणाली, त्या चौघी डबा खायला बसतात तेव्हा तिच्याकडे पाठ करत नाहीत, पण सरकूनही घेत नाहीत. कोल्हा असला की सरकतील.

थोरलीचं काम असं असतं. आधी ट्रेसिंग कागदावर चित्र काढायचं, रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडायची. मग कागद कापडावर ठेवून वरून पावडर घासायची, की ठिपक्या-ठिपक्यांत चित्र खाली उतरतं. त्याच्यावर मशीन चालवायचं. कागद एकच, कितीही वेळा वापरा. त्या दिवशी थोरलीच्या अंगात कणकण होती, लग्नाच्या कामाची घाई होती आणि रेडिओ शेजारी उभी राहून सारखी विचारत होती, आजच होईल ना, उद्या मॅच आहे. थोरलीनं कागद ठेवला तो पालथा. तिच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही, पोरीच्याही नाही. एकटा कोल्हा बघितला तर तो कुठल्याही दिशेला पळो, कोल्हाच दिसतो. काम तर इतकं देखणं झालं होतं, की रेडिओनं थोरलीच्या गळ्यात हात टाकले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरींनी जॅकेटं काढून तारेच्या कुंपणावर ओळीनं टांगली. चार कोल्हे उजवीकडे पळताहेत, पाचवा तोंड फिरवून डावीकडे.

आधी कॅप्टन हसली. सगळ्यात मोठ्यानं तीच. हिचा कोल्हा घाबरून परत चाललाय, म्हणाली. मग "नकली, नकली" सुरू झालं, ते बाकीच्या वर्गापर्यंत गेलं. रेडिओ वर्गात आली, की पोरं पाठमोरी होऊन उलटी चालून दाखवायची. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की पोर आमच्या काचेच्या दारावरून खाली मान घालून गेली आणि जिना चढली. चिंध्यांच्या ढिगावर कुणी बसलं नाही.

मग रोज काहीतरी दुखायला लागलं. आज पोट, उद्या डोकं. शाळा बुडायला लागली. नर्सबाई दवाखान्यात दुसऱ्यांची दुखणी बघून यायच्या आणि घरी आल्यावर हे. शेवटी एका सकाळी त्या जॅकेट हातात घेऊन खाली आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, मुलीनं सगळं सांगितलं. आता तिचं एकच म्हणणं आहे, या शाळेत पाय ठेवणार नाही, मामाकडे पाठवा, तिथल्या शाळेत घाला. आणि त्यांनीही हो म्हटलं होतं. पुढच्या सोमवारी त्या शाळेतून दाखला काढणार होत्या.

"एकुलती एक पोर आहे हो ताई," त्या थोरलीला म्हणाल्या. "ती गेल्यावर मी घरी कुणासाठी यायचं?"

थोरलीनं जॅकेट उलगडलं, टेबलावर पसरलं. मग भोकं पाडलेला तो कागद काढला, त्याच्यावर धरला. धरला आणि तशीच बसून राहिली. चूक कुणाची, हे तिला तेव्हा कळलं. तिचा चेहरा मला बघवेना. मी नर्सबाईंसाठी चहा टाकायला गेले आणि तिथूनच ऐकलं, ती सांगत होती, की पोरीची काही चूक नाही, चूक माझी आहे, जॅकेट ठेवून जा.

नर्सबाई गेल्या आणि आमचं दोघींचं जुंपलं. मी म्हटलं, यात एवढं काय अवघड आहे? पोरीला वर जाऊन एक वाक्य सांगा, की त्या चौघींचे कोल्हेही इथलेच आहेत. विषय संपला. त्या कॅप्टनचं तर मीच शाळेच्या फाटकात उभी राहून पितळ उघडं पाडते. निर्लज्ज कार्टी! स्वतःच्या छातीवर आमचाच कोल्हा मिरवते आणि दुसरीला नकली म्हणते!

"ती घाबरली असेल," थोरली म्हणाली. "सगळ्यांच्या आधी आपण हसलो की आपल्याकडे कुणी बघत नाही."

"म्हणून तुम्ही तिचीच बाजू घेणार?"

"बाजू नाही गं. चौघींना शब्द दिलाय. त्यातली एकही माझ्याशी वाईट वागलेली नाही."

"आणि पाचवीचं काय?"

ती उठली. मशीनपाशी गेली, दोरा ओवायला लागली. तो काही केल्या सुईत जाईना. मी तावातावानं इस्त्री फिरवत राहिले आणि एका पांढऱ्या शर्टाची कॉलर पिवळी करून ठेवली. तेही तिच्याच नावावर लावलं मी मनातल्या मनात.

पुढचे काही दिवस ती कामाला लागली ती तोंड मिटून. मध्येच ऊठसूट वर जाऊन यायची. रेडिओ दार उघडायची, पण बोलायची नाही. थोरली तिच्याजवळ नुसती बसून परत यायची. एकदा उतरली ती डोळे पुसत. म्हणाली, पोरीनं कपडे भरायला घेतलेत, बॅगेत सगळ्यात खाली बास्केटबॉलचे बूट घातलेत. मला रडू आवरेना. मी आपली बटणाच्या डब्यात तोंड घालून बसले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या कोल्ह्यांच्या शेपट्या उसवायच्या. दप्तराचा पट्टा नेमका तिथंच घासायचा, म्हणून पोरी अधूनमधून शेपटी दुरुस्त करायला मागच्या दारानं यायच्या. त्या आठवड्यातही एकेक करून चौघी येऊन गेल्या. सोमवारी आंतरशालेय सामन्यांची टीम जाहीर व्हायची होती, तेव्हा सगळ्यांनाच कोल्हा नीट हवा होता. थोरलीनं चौघींची जॅकेटं ठेवून घेतली. न्यायला कधी येऊ, असं प्रत्येकीनं विचारलं. थोरलीनं प्रत्येकीला एकच सांगितलं, शनिवारी दुपारी चारला.

तिसरीलाही तेच सांगितलेलं ऐकलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवारी तिनं पाचही जॅकेटं इस्त्री करून घेतली, माझ्याकडूनच. खिडकीपाशी आमची एक तार आहे, तयार कपडे टांगायची. तिच्यावर थोरलीनं पाचही ओळीनं लावली, कोल्हे समोर दिसतील अशी. मग हात धुतले, खुर्चीत बसली आणि पुन्हा उठून हात धुऊन आली.

पहिली आली डॉक्टरांची मुलगी. तारेकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात मागून खळीवाली. दोघी एकमेकींकडे बघतात, जॅकेटांकडे बघतात. खळीवाली म्हणाली, मी उशीच्या अभ्र्यांचं विचारायला आले होते. डॉक्टरांच्या मुलीला तेवढंही सुचलं नाही. तिसरी आली, तिनं दारातूनच मागे फिरायचा प्रयत्न केला, पण तिच्या मागे कॅप्टन उभी होती.

मी आयुष्यात कधी एवढा वेळ गप्प बसले नव्हते. कॅप्टननं तारेवरचे कोल्हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितले. तिची ती ताठ मान हळूहळू खाली गेली. आणि नेमकं तेव्हा पुढचं काचेचं दार वाजलं. रेडिओ. थोरलीनंच तिला निरोप धाडला होता, जाण्याआधी जॅकेट घेऊन जा.

पोर चिंध्यांच्या ढिगापाशी थांबली. तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. आता या चौघी तिच्या मुठीत होत्या. सोमवारी शाळेत एक वाक्य बोलायची खोटी, की उलटं चालून दाखवायची पाळी त्यांच्यावर. मी तर वाटच बघत होते. मनात म्हणत होते, सोडू नकोस, बोल, आज सगळी स्टेशनं लाव.

ती बोलली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी. पण बोलली ती थोरलीशी.

"काकू, कॅप्टनच्या कोल्ह्याची शेपटी अजून सुटलेली दिसतेय. तिचं आधी करून द्या ना. तिला संध्याकाळी प्रॅक्टिस असते."

बस्स, एवढंच. कॅप्टननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि रडायला लागली. लहान मुलं रडतात तशी, नाक ओढत. मी तिला कार्टी म्हणाले होते, तीच मी पुढे झाले आणि तिला स्टुलावर बसवलं. ती काहीतरी म्हणत होती, माफी मागत होती बहुतेक. निम्मं कळत नव्हतं.

थोरली उठली. तिनं कॅप्टनचं जॅकेट तारेवरून काढलं. खरंच, एक टाका राहून गेला होता. तिच्या हातून असं कधी होत नाही.

"मी तुम्हाला शब्द दिला होता," ती चौघींना म्हणाली. "तोंडानं पाळला, पण आज हातानं मोडला. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. आणि हा पाचवा उलटा झाला, तोही माझ्यामुळेच."

मग खाली बसली आणि जॅकेट मांडीवर घेऊन तिनं जे सांगितलं, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती मूळची डावखुरी. शाळेत डाव्या हातानं लिहायची, म्हणून मैत्रिणी हसायच्या, शेजारी बसायच्या नाहीत, कोपर लागतं म्हणून. तेव्हा तिनं घरी कोंडून घेऊन उजव्या हातानं लिहायची सवय केली. मग जेवायची, मग सुई धरायची. एकदा सगळ्यांसारखी झाल्यावर कुणी हसलं नाही. सासरी तर कुणाला कळलंसुद्धा नाही. फक्त घाई असली, ताप असला, की हात अजून गोंधळतात. कागद कुठला वर, कुठला खाली, कळत नाही.

सांगताना तिचा आवाज साधाच होता, दोऱ्याचा रंग सांगावा तसा. मला मात्र एकेक आठवत गेलं. तो कपाचा कान, त्या चपला, आणि माझं ते चिडवणं. एवढी वर्षं ती माझ्यासमोर उजव्या हातानं जेवत होती.

रेडिओ तिच्याजवळ जाऊन खाली बसली. म्हणाली, मग आता डाव्यानं करून बघा ना. इथं कोण हसतंय?

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, परवानगी मागावी तसं बघितलं. मी म्हटलं, बघताय काय, घ्या की.

तिनं सुई डाव्या हातात घेतली. पहिला टाका वाकडा गेला, दुसरा त्याहून वाकडा. तिचे कान लाल झाले. पण तिनं हात बदलला नाही. पाच पोरी तिच्याभोवती वाकून बघत होत्या आणि शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचेस्तोवर टाके सरळ पडायला लागले होते. खळीवालीनं टाळ्या वाजवल्या.

नंतर सगळं गोडगोड झालं, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांची मुलगी परत आमच्याकडे आली नाही, बोळातून जाताना आजही तोंड फिरवते. शाळेत चिडवणं लगेच थांबलं नाही. पण सोमवारी नर्सबाई दाखला काढायला गेल्या नाहीत. रेडिओ शाळेत गेली, तेच जॅकेट घालून. थोरलीनं कोल्हा उसवून नीट करून देते म्हटलं होतं, पोर नको म्हणाली. आणि मैदानावर कॅप्टननं स्वतःचं जॅकेट काढून तिच्या जॅकेटाशेजारी टांगलं, बाकीच्यांच्या देखत सांगितलं, की माझाही त्याच दुकानातला आहे. हे मला रेडिओनंच सांगितलं, चिंध्यांच्या ढिगावर बसून, सगळ्या तपशिलासकट, दोनदा. शेवटी मला म्हणावं लागलं, बाई, आता जरा आवाज कमी कर.

थोरली आता डाव्या हातानं काम करते. तिची मोठी कात्री इतकी वर्षं मशीनच्या उजवीकडे असायची, ती आता डावीकडे असते. मला ते ध्यानात राहत नाही. मी उजवीकडे चाचपडते, कात्री सापडत नाही, मी वैतागते, दोन शब्द बोलते. ती मशीन थांबवते, हसते, डाव्या हातानं कात्री उचलून माझ्या हातात देते. माझं कापून झालं, की मी ती परत डावीकडेच ठेवते.